आगाऊ भरलेल्या जेवणाचा खाडा रिसॉर्टांनीही धरावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीचा हंगाम जवळ आला की गोव्यात येणाऱ्यांची आणि गोव्यातून बाहेर जाणाऱ्यांची लगबग एकाच वेळी सुरू होते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याकडची कुटुंबे आपल्या किनाऱ्यांवरच्या रिसॉर्टांत खोल्या धरतात आणि आपल्याकडची कुटुंबे मुलांच्या हट्टापायी थीम पार्क पाहायला निघतात. कोणी खोपोलीजवळच्या इमॅजिकाला, कोणी बंगळुरूजवळच्या वंडरलाला, तर ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत ते थेट फ्लोरिडातल्या ऑर्लँडोपर्यंत जातात. या सगळ्यांना आरक्षण करताना एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो म्हणजे जेवणही आत्ताच धरायचे का. खोलीच्या भाड्यासोबत मुक्कामातल्या सगळ्या जेवणांचे पैसे आगाऊ भरण्याची पद्धत आता इतकी रूढ झाली आहे की तिच्या अटी घेणारा वाचत नाही आणि विकणारा समजावून सांगत नाही. मी गोव्यातल्या हॉटेल व्यवसायात हिशेबाच्या कामातून निवृत्त झालेला माणूस आहे. ही पद्धत मी विकणाऱ्याच्या खात्यातूनही पाहिली आहे आणि गिऱ्हाइकाच्या खिशातूनही. त्या आधारावर माझी मागणी अशी की, ज्या जेवणाचे पैसे आधी घेतले जातात त्या प्रत्येक जेवणाचा वेगळा दर पाहुण्याला पैसे भरण्यापूर्वी लेखी कळला पाहिजे, आणि वेळेत सूचना देऊन जे जेवण तो घेणार नाही त्याची वजावट, म्हणजे खाणावळीच्या भाषेत खाडा, त्याला मिळाली पाहिजे.

हॉटेलवाल्यांच्या व्यवहारात या योजनांची नावे ठरून गेलेली आहेत. नुसती खोली घेतली तर ईपी, खोली आणि सकाळची न्याहारी मिळून सीपी, न्याहारी आणि दोनपैकी एका वेळचे जेवण म्हणजे एमएपी, आणि न्याहारीसह दोन्ही वेळचे जेवण असेल तर एपी. एजंटाकडून येणाऱ्या व्हाउचरवर एवढी दोन-तीन अक्षरे असतात. एपीमध्ये पहिल्या दिवशीचे दुपारचे जेवण धरलेले आहे की रात्रीपासून सुरुवात आहे, निघण्याच्या दिवशी न्याहारीनंतर योजना संपते की दुपारपर्यंत चालते, पिण्याच्या पाण्याची बाटली त्यात येते की तिचे बिल वेगळे, मुलाचे वय किती झाले की त्याचा पूर्ण दर लागतो, यांतले काहीही त्या अक्षरांतून कळत नाही. प्रत्येक हॉटेलचा नियम वेगळा असतो आणि तो बहुतेकांना चेक-इन करताना, पैसे देऊन झाल्यावर, तोंडी सांगितला जातो.

गेल्या हंगामात सांगलीहून आलेले आमचे नातलग किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टात एपी घेऊन उतरले होते. चोर्ला घाटात वाहतूक अडकल्यामुळे ते उशिरा पोहोचले, तोवर दुपारचा बुफे उचलला गेला होता. दुसऱ्या दिवशी मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळ्याच्या शांतादुर्गेचे दर्शन घेऊन ते आमच्या घरी फोंड्याला जेवायला आले. घरी आलेल्या पाहुण्याला जेवल्याशिवाय कसे पाठवणार? पण रिसॉर्टातले त्यांचे दुपारचे जेवण बुडाले ते बुडालेच. पुढे एका संध्याकाळी पणजीत मांडवीतल्या बोटीवर जाऊन परतायला रात्र झाली आणि तेही जेवण गेले. त्यातच घरातल्या आजींचा सोमवारचा उपास होता. त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी मागवली तेव्हा ती बुफेत नाही म्हणून तिचे वेगळे बिल झाले आणि त्या वेळच्या बुफेचे आजींच्या नावाने भरलेले पैसे तर आधीच जमा झालेले होते. हिशेब मागितल्यावर व्हाउचरच्या मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली ओळ दाखवण्यात आली. तिचा आशय असा की न घेतलेल्या जेवणाचे पैसे परत मिळणार नाहीत. काउंटरवरची मुलगी अत्यंत सौजन्याने बोलत होती आणि दोष तिचा नव्हताच. किती रक्कम बुडाली हे तिलाही सांगता येत नव्हते, कारण एका जेवणाचा दर त्या व्हाउचरवर कुठेच नव्हता.

यावर हॉटेलांचे एक उत्तर ठरलेले आहे आणि ते पूर्णपणे चुकीचे नाही. स्वयंपाक आधी करावा लागतो, माल आधी भरावा लागतो, आचारी आणि वाढपी यांचे पगार पाहुणा जेवो वा न जेवो द्यावेच लागतात; ऐनवेळी पाहुणा आला नाही तर तो खर्च कोणी सोसायचा? हा प्रश्न रास्त आहे. पण या व्यवहाराची दुसरी बाजू मला नोकरीत रोज दिसत असे, ती इथे सांगितली पाहिजे. रोज रात्री फ्रंट ऑफिसकडून किचनकडे यादी जाते. उद्या न्याहारीला किती पॅक्स, म्हणजे किती माणसे, दुपारी किती, रात्री किती. अनुभवी शेफ तो आकडा जसाच्या तसा कधीच धरत नाही. सगळे पाहुणे सगळ्या जेवणांना येत नाहीत हे त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने ठाऊक असते, म्हणून तो यादीपेक्षा कमीच रांधतो, आणि कमी पडलेच तर भात, डाळ, एखादी भाजी झटपट वाढवण्याची तयारी ठेवतो. म्हणजे जे जेवण पाहुण्याने बुडवले ते बऱ्याच वेळा शिजलेलेच नसते. त्याचा खर्च झालेला नसतो, मात्र त्याची किंमत वसूल झालेली असते. योजनेचा दर ठरवताना ही गळती आधीच हिशेबात धरली जाते, त्यामुळे एपीचा दर सुट्या जेवणांच्या बेरजेपेक्षा स्वस्त दिसतो. पाहुण्याला तो स्वस्त दर दिसतो, त्यामागची गळती दिसत नाही. जो सगळी जेवणे घेतो त्याची सवलत जो बुडवतो त्याच्या पैशातून निघते, आणि बुडवणारा बहुधा तोच असतो जो गोवा पाहायला खरोखर बाहेर पडतो.

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची जेवणाची योजना या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपल्या योजनांपेक्षा बऱ्या आणि आपल्याइतक्याच खटकणाऱ्या अशा दोन्ही गोष्टी आहेत. मुलीच्या कुटुंबासोबत तिकडे जाण्याचा योग आला तेव्हा ती मी व्यवसायाच्या नजरेने बारकाईने पाहिली. हे पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. आजच्या स्वरूपातली आगाऊ जेवणाची योजना तिथे २००५ मध्ये आली, साथीमुळे २०२० मध्ये ती थांबवण्यात आली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. ती त्याच संस्थेच्या हॉटेलांत पॅकेज घेऊन उतरणाऱ्यांनाच मिळते. एका आरक्षणातल्या तीन वर्षांवरील प्रत्येकाला तीच योजना सगळ्या रात्रींसाठी घ्यावी लागते. आजोबा कमी जेवतात म्हणून त्यांना वगळता येत नाही. पैसे भरले की जेवणाची क्रेडिट, म्हणजे एकेका जेवणाचे हक्क, खात्यात जमा होतात. साध्या योजनेत दर रात्रीमागे काउंटरवरून घ्यायची दोन जेवणे आणि एक खाऊ, तर मोठ्या योजनेत एक काउंटरचे जेवण, एक टेबलावर बसून वाढले जाणारे जेवण आणि एक खाऊ मिळतो. सोबत हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येणारा एक मग असतो, पण तो पार्कात भरून मिळत नाही.

या योजनेतली सर्वांत चांगली गोष्ट अशी की संपूर्ण मुक्कामाची क्रेडिट एकत्र जमा असतात आणि ती कोणत्याही दिवशी, कोणत्याही क्रमाने वापरता येतात. एके दिवशी भूक नसेल, पाऊस आला, मुले झोपली, तर ते जेवण दुसऱ्या दिवशी घेता येते. किती उरली हे मोबाइलवर केव्हाही पाहता येते. हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री मात्र जे उरले असेल ते शून्य होते, आणि ही अट ते आधी स्पष्ट सांगतात. आपल्याकडे प्रत्येक जेवण त्याच्या घड्याळाच्या वेळेला संपते. तिकडे निदान मुक्काम संपेपर्यंत ते जिवंत राहते. एवढा एक नियम आपल्या रिसॉर्टांनी उचलला असता तर माझ्या नातलगांची दुपारची दोन्ही जेवणे वाचली असती.

आता त्याच योजनेतल्या खटकणाऱ्या बाबी, ज्या तिकडे निघालेल्या आपल्या कुटुंबांनी समजून घेतल्या पाहिजेत. पहिली बाब वयाची. तीन ते नऊ वर्षांपर्यंतचे मूल धरले जाते आणि दहाव्या वर्षापासून माणूस जेवणाच्या हिशेबात प्रौढ होतो. २०२४ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा मोठ्या योजनेचा दर प्रौढाला रात्रीमागे ९४.२८ डॉलर आणि मुलाला २९.६९ डॉलर होता. साधी योजना प्रौढाला ५७.०१ डॉलरला होती. आई-वडील, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा असे चौघे पाच रात्री राहिले तर मोठ्या योजनेचे १,५६२.६५ डॉलर होतात, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळपास एक लाख तीस हजार रुपये. तीच मुलगी नऊ वर्षांची असती तर हा आकडा ३२२.९५ डॉलरने कमी झाला असता. अकरा वर्षांची मुलगी मोठ्या माणसाची अख्खी ताटली संपवते का, हे प्रत्येक आईने स्वतःच ठरवावे.

दुसरी बाब आपल्यासारख्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. एक क्रेडिट म्हणजे एक क्रेडिट, मग त्यावर मांसाचा महागातला पदार्थ घ्या किंवा भाताची आणि कडधान्याची वाटी घ्या. एकवीस वर्षांवरच्या माणसाला त्याच क्रेडिटमध्ये मद्याचा एक पेलाही मिळतो. जो महाग पदार्थ आणि मद्य घेतो त्याला ही योजना परवडू शकते. जो शाकाहारी आहे आणि पाणी पितो त्याने तेवढेच पैसे भरून कमी किमतीचे जेवण घेतलेले असते, आणि पाणी तर काउंटरवर तसेही फुकट मिळते. तिथल्या मेनूवर वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाचे चिन्ह असते, शोधायला त्रास होत नाही, आचारीही विचारल्यास मदत करतात. अडचण पदार्थ मिळण्याची नाही, त्याच्या मोबदल्याची आहे. जी कुटुंबे मांसाहार आणि मद्य दोन्ही टाळतात त्यांनी सुटे पैसे देऊनच जेवावे असे माझे हिशेबाअंती स्पष्ट मत झाले आहे. तिथे पार्कात घरचे खाणे नेण्याला मनाई नाही. काचेचे भांडे आणि मद्य नसले म्हणजे झाले. दशम्या, चटणी, चिवडा नेऊन एक वेळ भागवणारी मराठी कुटुंबे मी तिथे पाहिली आणि त्यांत संकोच वाटण्यासारखे काही नाही. आपल्या देशातल्या अनेक पार्कांत मात्र बाहेरचे खाणे दारातच काढून ठेवायला लावतात, आणि मग आतले आगाऊ कूपन ही नावाचीच निवड उरते.

आणखी काही अटी थोडक्यात सांगतो. सिंड्रेलाच्या राजवाड्यातल्या रेस्टॉरंटासारख्या नामांकित ठिकाणी एका जेवणाला दोन क्रेडिट जातात. टेबलावरच्या जेवणासाठी साठ दिवस आधीपासून आरक्षण सुरू होते, आणि क्रेडिट हाती असले म्हणून टेबल मिळेलच असे नाही. टिप योजनेत येत नाही. तिकडे ती दिली नाही तर वावगे दिसते, आणि सहा किंवा अधिक जण एकत्र बसले तर अठरा टक्के आपोआप बिलात लावली जाते. योजना सुरू झाली तेव्हा टिप आणि जेवणाआधीचा पदार्थ हे दोन्ही तीत धरलेले होते. २००८ पासून दोन्ही काढून टाकण्यात आले. आगाऊ योजनांच्या बाबतीत हे सगळीकडेच घडते, नाव तेच राहते आणि आतले जिन्नस कमी होत जातात. म्हणून मागच्या वर्षी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या माहितीवर विसंबू नये, त्या वर्षीच्या अटी स्वतः वाचाव्यात.

महोदय, आगाऊ जेवणाचा न्याय्य नियम शोधायला आपल्याला फ्लोरिडापर्यंत जाण्याचीही गरज नाही. पुणे, मुंबई, बेळगाव, पणजी, मडगाव इथल्या खाणावळींत आणि मेसमध्ये महिन्याचे पैसे भरून जेवलेली एक अख्खी पिढी आपल्यात आहे. तिथे खाडा धरण्याची रीत होती आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे. गावी जायचे असेल, उपास असेल, कोणाकडे जेवायला बोलावले असेल, तर आदल्या दिवशी सांगायचे. वहीत त्या तारखेला खूण होई आणि महिनाअखेर तेवढे पैसे वळते होत. काही ठिकाणी सलग दोन-तीन दिवसांच्या गैरहजेरीलाच खाडा मिळे, काही ठिकाणी महिन्याला ठराविक खाडेच चालत. न सांगता गैरहजर राहिले तर मात्र पैसे जात आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नसे, कारण नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर वाचलेला असे. खाणावळ चालवणारी बाई फार श्रीमंत नसे, तिचे किचन रिसॉर्टच्या किचनच्या एका कोपऱ्यात मावले असते, तरी तिला हा हिशेब ठेवणे जमत होते. ज्यांच्याकडे संगणक आहे, नाइट ऑडिट म्हणजे रोज रात्रीची हिशेबतपासणी आहे, किचनकडे जाणाऱ्या ऑर्डरच्या प्रत्येक चिठ्ठीची (केओटीची) नोंद आहे, त्यांना ते जमणार नाही हे मला पटत नाही.

म्हणून माझी सूचना व्यवहार्य आहे असे मी हिशेबनीस म्हणून सांगतो. उद्याची पॅक्सची यादी किचनकडे जाण्यापूर्वी, समजा रात्री आठपर्यंत, पाहुण्याने रिसेप्शनला कळवले की उद्या दुपारी आम्ही जेवायला नाही, तर त्या जेवणाचा आधी जाहीर केलेला दर त्याच्या बिलातून वजा व्हावा, किंवा त्याची इच्छा असेल तर ते जेवण मुक्कामातल्या दुसऱ्या वेळेला घेता यावे. वजावट पूर्ण रकमेची नसली तरी चालेल. पगार आणि गॅस यांचा वाटा हॉटेलने कापून घ्यावा, पण किती कापणार ते आधी छापावे. न कळवता गैरहजर राहणाऱ्याला काहीही देऊ नये. उपास करणाऱ्याला बुफेऐवजी त्याच दरात उपासाचा एखादा पदार्थ मिळावा. श्रावणात आणि चतुर्थीच्या दिवसांत आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची ही गरज काही अनपेक्षित नाही. यातून हॉटेलचाही लाभ आहे. नेमका आकडा हाती आला की शेफला अंदाजावर रांधावे लागत नाही आणि रात्री उरलेल्या अन्नाची पातेली रिकामी करण्याचे दुःखही टळते. ज्यांनी ती पातेली रिकामी होताना पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

कायदाही या बाबतीत पाहुण्याला वाऱ्यावर सोडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्याय्य कराराची संकल्पना आली असून, ग्राहकाचे नुकसान करणारी अवाजवी अट त्याच्यावर लादणे हे तीत मोडते. अशा करारांविरुद्धची तक्रार राज्य ग्राहक आयोगापुढे करता येते. तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार दाखल करण्याची सोय याच कायद्याने दिली आहे, म्हणजे सांगलीच्या माणसाला गोव्यात खेटे घालावे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. ऑनलाइन आरक्षणात जेवणाच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे आणि नकळत रक्कम वाढवणे यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ग्राहकाच्या संमतीवाचून खरेदीत काही घुसडणे त्यांत निषिद्ध ठरवले आहे. सेवा शुल्क आपोआप लावू नये ही याच प्राधिकरणाची २०२२ ची तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी उचलून धरली. आगाऊ योजनेच्या एकत्रित रकमेत असे शुल्क दडलेले आहे की नाही, हे दर वेगळे छापल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. कराचेही तसेच आहे. रस्त्यावरच्या साध्या रेस्टॉरंटात जेवणावर पाच टक्के जीएसटी लागतो, तर ज्या हॉटेलच्या खोलीचा दर दिवसाला साडेसात हजार रुपयांवर जातो त्याच्या रेस्टॉरंटात अठरा टक्के लागतो. पॅकेजच्या एका आकड्यात हा फरक पाहुण्याच्या नजरेसच येत नाही.

ही बाब फक्त पाहुण्यांच्या पैशांपुरती नाही, म्हणूनही मी गोव्याच्या वर्तमानपत्राला लिहितो आहे. आगाऊ जेवण भरलेला पाहुणा बाहेर जेवायला कचरतो, कारण बाहेरच्या प्रत्येक घासाचे पैसे त्याला दुसऱ्यांदा द्यावे लागतात. तो रिसॉर्टच्या दारातून टॅक्सीने निघतो, फोटो काढतो आणि जेवणाच्या वेळेला धावत परत येतो. मग म्हापशाच्या बाजारातले पातळभाजीचे हॉटेल, फोंड्यातली नुस्त्याची थाळी देणारी खाणावळ, संध्याकाळी रॉस ऑम्लेटचा गाडा लावणारा माणूस, पोय म्हणजे गोव्याचा पाव घेऊन सायकलवरून फिरणारा पोदेर (पाववाला), यांच्यापर्यंत त्याचा रुपया पोहोचतच नाही. रिसॉर्टच्या बुफेत एका कोपऱ्यात गोव्याच्या पाटीखाली शाकुती आणि सोलकढी मांडलेली असते, पण बाकीचे टेबल कुठल्याही राज्यातल्या कुठल्याही हॉटेलात शोभेल असे असते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तर हा फरक फारच जाणवतो. त्या दिवसांत घरगुती खाणावळींत सुक्या सुंगटांची किस्मूर, खाडीतले मासे, पावसातल्या रानभाज्या, खतखते असे त्या ऋतूचे जेवण असते आणि ते पाहुण्याला चाखायला मिळाले तर पावसाळी पर्यटनाची जाहिरात वेगळी करावी लागणार नाही. खाडा मिळू लागला तर पाहुणा निश्चिंतपणे एखादे जेवण बाहेर घेईल आणि तेवढेच पैसे गावातल्या चुलीपर्यंत जातील.

आगाऊ योजना बंद करा असे मी म्हणत नाही. लहान मुले बरोबर असलेल्या आईला, पथ्याचे जेवण लागणाऱ्या वृद्धाला, लग्नाच्या किंवा कंपनीच्या मोठ्या गटाला एका ठिकाणी ठरलेले जेवण मिळणे हा मोठा दिलासा असतो आणि खर्चाचा आकडा आधी कळण्यालाही किंमत आहे. जे दिवसभर पोहण्याच्या तलावाशी विसावायलाच येतात त्यांना एपी उत्तम. ज्यांना चार देवळे, दोन किनारे, एखादा मसाल्याचा बाग पाहायचा आहे त्यांनी सीपी घ्यावी, न्याहारी करून निघावे आणि भूक लागेल तिथे जेवावे, असे मी माझ्या सगळ्या पाहुण्यांना सांगत असतो.

गोव्यातली हॉटेले १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदलेली असतात. खात्याने आणि गोव्यातल्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेने येत्या हंगामापूर्वी एकत्र बसून जेवणाच्या योजनेचा एक पानी नमुना ठरवावा आणि तो व्हाउचरसोबत देणे प्रत्येक नोंदणीकृत हॉटेलला बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे. त्या पानावर योजनेतले पहिले आणि शेवटचे जेवण कोणते, प्रत्येक जेवणाचा करासह दर किती, मुलांच्या वयाची मर्यादा काय, पाणी आणि पेये धरली आहेत की नाहीत, जेवण रद्द करण्याची सूचना किती वाजेपर्यंत द्यायची आणि दिल्यास किती रक्कम वळती होईल, एवढे असावे. ते इंग्रजीबरोबर मराठी, कोकणी आणि हिंदीतही असावे, अक्षर वाचता येईल इतके मोठे असावे, आणि पाहुण्याने पैसे भरण्यापूर्वी त्याच्या हाती पडावे.

आपला विश्वासू,
हॉटेल व्यवसायातून निवृत्त झालेला एक वाचक,
फोंडा, गोवा